आठव्या दिवसाची चाल

माझ्या सासूबाईंना यंत्रानं बोगस ठरवलं तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्यांच्यामागे रांगेत निम्मं घाटकरंजे गाव उभं होतं.

या सासूबाई म्हणजे आक्काताई रेडेकर, वय बहात्तर. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या आजरा भागात सासूला आत्याच म्हणतात. मी वर्षाराणी, गावच्या शाळेत शिक्षिका आणि मतदार यादीची बीएलओ. यादीत कोण नवं आलं, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, हे बघणं माझं काम. निवडणूक ग्रामपंचायतीची होती. बाहेरून बघणाऱ्याला ती किरकोळ वाटते. गावात राहणाऱ्याला विचारा, दिल्लीचं सरकार बदललं तरी एवढी भांडणं होत नाहीत.

आत्यांना ही निवडणूक फार जवळची होती. चौदा वर्षांपूर्वी त्या मत द्यायला गेल्या, तर त्यांच्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलं होतं. नियमाप्रमाणे त्यांना वेगळी मतपत्रिका मिळाली, ती पाकिटात गेली, पाकिटावर सही झाली आणि ते पाकीट पुढे कधीच उघडलं नाही. त्याच दिवशी, त्याच खोलीतून शेजारच्या द्वारकाबाई मत न देता परत गेल्या, कारण त्यांच्या कार्डावरचा फोटो इतका पुसट झाला होता की तो माझासुद्धा असू शकला असता. एकीचं मत चोरीला गेलं आणि दुसरीला चोर समजून हाकललं. पुढं कितीतरी वर्षं टीव्हीवर माणसं घसे फोडून जो वाद घालत होती, त्याच्या दोन्ही बाजू आमच्या एकाच गल्लीत राहत होत्या. कडक ओळखपत्राशिवाय मत नको, असं एक पक्ष म्हणायचा. कागदापायी गरीब माणूस परत जातो, असं दुसरा म्हणायचा. आत्या दोघांनाही म्हणायच्या, "कागद नगं आन चोर बी नगं. असं कायतरी काढा."

आणि खरंच तसं काहीतरी निघालं. त्याचं नाव चालपट्टी.

चालपट्टी म्हणजे सहा मीटर लांबीची काळ्या रबराची पट्टी. तिच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढे हजारो संवेदक असतात, दाब मोजणारे. तिच्यावरून आठ-दहा पावलं चाललं की झालं. टाच टेकते तेव्हा जमिनीवरचा दाब एकदम चढतो, वजन तळव्यावर पसरतं तेव्हा उतरतो आणि अंगठ्यानं जमीन मागे ढकलताना पुन्हा चढतो. कागदावर काढलं तर दोन डोंगर आणि मधे खिंड दिसते. ही खिंड किती खोल, दुसरा डोंगर किती उशिरा, डाव्या पायाचा उजव्यापेक्षा किती बुटका, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. हाडांची लांबी, कमरेचा सांधा, स्नायूंची ओढ आणि मेंदू ज्या तालात त्या सगळ्यांना हुकूम सोडतो तो ताल, एवढं सगळं मिळून एकेक चाल घडते. दुसऱ्याची सही मारता येते, पण दुसऱ्याची चाल दहा पावलं टिकवता येत नाही. आमच्याकडच्या काजू कारखान्यातल्या बायकांच्या बोटांचे ठसे टरफलाच्या तेलानं केव्हाच गेलेले. त्यांना तर ही पट्टी देवानंच धाडली असं वाटलं. वयाबरोबर चाल बदलते, म्हणून दर निवडणुकीआधी गावात शिबिर घेऊन नवी नोंद करायची.

एकच भानगड होती. पायात काय आहे त्यानं डोंगर बदलतात. चप्पल टाचेचा धक्का खाते, बूट आणखी वेगळं काही करतो. म्हणून शिबिरात प्रत्येकाच्या नावापुढे पादत्राणाचा रकाना भरायचा. यंत्र त्या चपलेचा किंवा बुटाचा परिणाम वजा करतं आणि माणसाची निव्वळ चाल साठवतं. मतदानाच्या दिवशी पट्टीवरचा कॅमेरा पायात काय आहे ते बघतो, तेवढं पुन्हा वजा करतो आणि दोन्ही जुळवतो. जुळलं तर हिरवा दिवा, नाही तर पिवळा. हिरव्याला मतदान यंत्राकडे जायचं. पिवळ्याला पाकीट, आणि त्याची पडताळणी सवडीनं, निकालानंतर.

आता माझं शहाणपण ऐका. शिबिर कधी घ्यायचं हे माझ्या हातात होतं. एरवी बायका कारखान्यातून सुटत नाहीत, रविवारी रानात जातात. मी म्हटलं, नवरात्रात अष्टमीला सगळ्या भावेश्वरीच्या देवळात येतातच, देवळासमोरच्या मंडपात पट्टी टाकू. टाकली. देवळात न येणाऱ्यांनाही निरोप धाडून बोलावलं, एकही नाव सुटलं नाही. शंभर टक्के नोंदणी झाली म्हणून जिल्ह्यानं मला प्रशस्तिपत्र दिलं आणि ते मी शाळेत, मुलांना दिसेल असं टांगलं.

पण नवरात्रात आमच्या बायका नऊ दिवस अनवाणी असतात. पायात काही घालायचं नाही, मग कारखाना असो की रान. रकान्यात पर्याय तीनच होते, बूट, सँडल आणि चप्पल. काही निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. तालुक्याला फोन लावला, तो लागला नाही. खरं सांगायचं तर एकदाच लावला. मंडपाबाहेर आरतीची घाई, रांगेत शंभर बायका. मी पहिल्या बाईपुढे "चप्पल" दाबलं. मग दुसरीपुढे. एकशे छत्तीस बायका आणि सात पुरुष, सगळ्यांच्या नसलेल्या चपला मी सरकारदरबारी नोंदवल्या. मग ती गोष्ट साफ विसरून गेले.

मतदान डिसेंबरात होतं. आत्यांनी नवी चप्पल घातली होती आणि लुगड्याला इस्त्री केली होती. त्या पट्टीवरून ताठ चालत गेल्या. पिवळा दिवा लागला.

"पुन्हा चाला," केंद्राध्यक्ष इंगळेसर म्हणाले. ते गारगोटीच्या कॉलेजातले प्राध्यापक, गावात कुणालाच ओळखत नव्हते, स्वभावानं शांत.

आत्या पुन्हा चालल्या. पुन्हा पिवळा.

"ह्यो पिवळा कशापाय?" आत्यांनी विचारलं.

उत्तर विलासभाऊजींनी दिलं. विलास खोराटे, सत्तेतल्या पॅनेलचे एजंट. "आक्काताई, यंत्र म्हनतंय तुम्ही आक्काताई न्हाई."

"आन तू काय म्हनतोस रं? तुझ्या बारशाला म्या पाळना हलवला हाय."

"मी वळखतो हो. पन माझ्या वळखीला काय किंमत? कायदा पट्टीचा. चोर नगं म्हनून तुम्हीच मागितली की ती." भाऊजींच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यांच्याविरुद्ध बायकांचं पॅनेल उभं होतं, आत्या त्याच्या पुढारी. जितकी पाकिटं वाढतील तितकी भाऊजींची निवडणूक सोपी होत होती.

"तर मग पाकीट घ्या, आजी," इंगळेसर हळूच म्हणाले.

आत्यांनी पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. चौदा वर्षांपूर्वीही त्या तिथेच बसल्या होत्या म्हणतात, संध्याकाळपर्यंत.

मग एकामागून एक पिवळे दिवे लागत गेले. साडेनऊपर्यंत तेवीस बायका झाल्या. मी बाहेरच्या टेबलावर यादी धरून बसले होते आणि मलाही वाटत होतं, पट्टी बिघडली. तेवढ्यात शमशादभाभी मुल्ला चालत गेल्या आणि दिवा हिरवा लागला. त्यांच्या सुनेलाही हिरवा. रांगेतून कुणीतरी बोललं, "ह्यांचंच बरं दिवं हिरवं लागायला लागल्यात." आणि चारजण हसले, ते हसणं मला आवडलं नाही. एवढ्याशा गोष्टीवरून गावं पेटलेली मी वाचली आहेत. शमशादभाभी जागच्या जागी थांबल्या, चेहरा उतरला. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं, त्यांच्या पायांकडे. पायांत चप्पल होती.

शिबिरातही होती. त्या नवरात्र धरत नाहीत.

मी यादी उघडली. शिबिरात खरंच चप्पल घातलेल्या बायका किती? अकरा. मुल्लांच्या घरच्या पाच, फर्नांडिसांच्या दोन, दोघी गरोदर, एक नर्सबाई आणि पायाला जखम म्हणून डॉक्टरांनी अनवाणी फिरायला बंदी केलेली एक. म्हणजे यंत्र अनवाणी पायांच्या नोंदीतून चप्पल वजा करून बसलं होतं. मुळात नसलेली चप्पल काढल्यावर उरलेली चाल जगातल्या कुठल्याच बाईची नव्हती.

गप्प बसणं सोपं होतं. यंत्र बिघडलं, पुण्याहून माणूस येईल, पाकिटं भरली जातील, कुणी मला विचारणार नाही. सरकारी नोंद खोटी भरली तर काय होतं हे मला ठाऊक होतं. नोकरीची एकोणीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. पण शमशादभाभी अजून तिथेच उभ्या होत्या आणि रांगेत कुजबुज वाढत होती. मी उठले आणि मोठ्यानं बोलले, मुलांना ओरडते तशी, कारण हळू बोलले असते तर रडले असते.

"पट्टी बरोबर आहे. चूक माझी आहे. नवरात्रात तुम्ही सगळ्या अनवाणी होता आणि मी सगळ्यांच्या नावापुढे चप्पल लिहिली. ज्यांना उपास-नवस नव्हता त्यांच्या पायात खरंच चप्पल होती, म्हणून त्यांचे दिवे हिरवे. दुसरं काही नाही."

आत्या बाकावरून उठल्या आणि माझ्यासमोर आल्या.

"म्हंजे मला बोगस तू केलंस?"

"होय आत्या."

त्या तशाच वळल्या. परत जाऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इंगळेसरांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. पलीकडे ईशान्या नावाची एक तरुण इंजिनीअर होती. तिला अनवाणी म्हणजे काय ते दोनदा सांगावं लागलं.

"कारखान्यातही अनवाणी? रस्त्यावर?" ती म्हणाली. "सर, अनवाणी पायाचं गणित आमच्याकडे नाहीच. कुणी चप्पल न घालता नोंदणीला येईल असं आम्हाला सुचलंच नाही. सॉरी."

"आता काय करता येईल?"

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. "शिबिरातली कच्ची नोंद आहे, वजाबाकी करायच्या आधीची. कच्ची नोंद कच्च्या नोंदीशी जुळवता येईल. त्या दिवशी त्या जशा चालल्या, तशाच आज अनवाणी चालल्या तर. पण त्यासाठी रकाना चुकीचा भरला असं बीएलओनं लेखी द्यायला हवं आणि दोन्ही एजंटांच्या सह्या हव्यात."

मी लिहून दिलं. बायकांच्या पॅनेलच्या एजंट मुलीनं सही केली. विलासभाऊजींनी पेन टेबलावर ठेवून दिलं.

"मी कशापाय करू? चूक सरकारची. पाकिटं हाईत की."

तेवढ्यात त्यांची बायको सुरेखावहिनी रांगेत पुढे आल्या, पट्टीवरून चालल्या. पिवळा दिवा. व्हरांड्यात जो हशा पिकला तो शेजारच्या गावात ऐकू गेला असेल.

"हिच्यापुरती सही करतो," भाऊजी घाईनं म्हणाले. "ही माझी बायकोच हाय, मी सांगतो की."

"माझ्या एकटीपुरती करायची न्हाई," वहिनी म्हणाल्या. "आन बाकीच्या कोन? जत्रंला आलेल्या पावन्या? आक्काताई कोन हाय ठावं न्हाई तुम्हास्नी? करा सही सगळ्यांवर, न्हाईतर मी बी बसतो तिकडं बाकावर."

"अगं, मतं आपल्या इरोधात पडनार हाईत ती!"

"पडू देत की. मतं त्यांची हाईत."

भाऊजींनी घाम पुसला. डिसेंबर होता. बराच वेळ त्यांनी कागद खालीवर वाचला, मग सही केली. तेवढ्यासाठी मी त्यांचे मागचे पुढचे सगळे डावपेच माफ करून टाकले.

वहिनींनी चपला काढल्या आणि पट्टीवरून चालल्या. पिवळा.

"बावन्न टक्के," ईशान्याचा आवाज आला. "नव्वदच्या वर हवेत. विचित्र आहे. शिबिरातल्या नोंदीत यांची टाच जवळजवळ टेकतच नाहीये, पाऊल लहान आहे, वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेवर. जवळपास सगळ्यांचंच तसं दिसतंय. त्या दिवशी यांच्या पायांना काही झालं होतं का?"

बाकावरून आत्या बोलल्या.

"आठवा दिस हुता त्यो."

"म्हणजे?"

"पोरी, पयल्या दिशी चालतीया ती चाल येगळी आन आठव्या दिशी येगळी. आठ दिस खडीवनं देवळाला जाऊन-यून पाय सोलून निगत्यात. टाच टेकवत न्हाई. आज पाय धडधाकट हाईत, मग कशी जुळंल?"

ईशान्या म्हणाली, "आजी, हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं."

"तू इचारलं न्हाईस." आत्या उठल्या, नवी चप्पल काढून बाकाखाली सरकवली. "चला गं. खडी कुटं पळून गेली न्हाई."

आमच्या देवळाचा रस्ता तीन वर्षं खडी अंथरून तसाच पडला आहे. डांबर येणार येणार म्हणतात. विलासभाऊजींच्या पॅनेलनं केलेल्या कामांपैकी एवढं एकच काम त्या दिवशी उपयोगी पडलं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. शाळेपासून देवळापर्यंत पाऊण किलोमीटर. ऐन उन्हात शंभरावर बायका पदर खोचून त्या खडीवरून निघाल्या. एक खेप, दोन खेपा, काहींनी तीन. सात पुरुषही होते, ते जास्त विव्हळत होते. शमशादभाभी मत देऊन मोकळ्या झाल्या होत्या, त्यांनी देवळाजवळ पाण्याची घागर आणून ठेवली आणि येणारीला ओंजळभर पाजत राहिल्या. सकाळी रांगेत बोललेला माणूस पाणी प्यायला थांबला तेव्हा त्याची मान खाली होती. भाभींनी त्यालाही पाजलं.

एकच्या सुमाराला सुरेखावहिनी परत आल्या, लंगडत, तळव्याच्या कडेवर. पट्टीवरून चालल्या. त्र्याण्णव टक्के. हिरवा.

मग मात्र थांबायचं नाव नाही. पाऊल लहान, टाच उचललेली, अशी एकेक बाई यायची, आणि दिवा हिरवा झाला की तशीच लंगडत मतदान यंत्राकडे जायची. दोघी म्हाताऱ्या चालू शकल्या नाहीत, त्यांना पाकीटच घ्यावं लागलं. ती पाकिटं मी पुढं आठ दिवस तालुक्याला खेटे घालून उघडायला लावली. आत्या चार वाजून दहा मिनिटांनी आल्या. तीन खेपा केल्या होत्या त्यांनी, उजव्या अंगठ्याचं रक्त वाळलं होतं. शहाण्णव टक्के. त्या पडद्यामागे गेल्या आणि यंत्राचा लांब आवाज आला. तो ऐकून मी तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली, प्रशस्तिपत्र परत मागवलं. भिंतीवर त्या जागी मी पाढे लावले. नोंदणीच्या रकान्यात चौथा पर्याय आला. आणि ईशान्या स्वतः गावात येऊन आठ दिवस राहिली, अनवाणी. पुढच्या नियमात एक कलम वाढलं, की पिवळा दिवा म्हणजे नकार नव्हे, चौकशी सुरू करायची खूण आहे, आणि ती चौकशी त्याच दिवशी, त्याच खोलीत, गावातल्या माणसांना विचारून पुरी करायची. निवडणूक कोण जिंकलं ते विचारू नका. बायकांचं पॅनेल चार मतांनी हरलं. आत्यांना त्याचं दुःख दोन दिवस झालं, तिसऱ्या दिवशी त्या पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागल्या.

पण त्या संध्याकाळी पाच वाजता मी टेबलावर कागद आवरत होते. मतदान साडेपाचला बंद होणार. आत्या समोर येऊन उभ्या राहिल्या. सकाळनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या.

"तू मत दिलंस का?"

मी नाही म्हणून मान हलवली. शिबिरात मीही अनवाणी होते, माझ्या नावापुढेही मीच चप्पल लिहिली होती. आणि दिवसभर खुर्चीत बसून माझे पाय अगदी शाबूत होते.

"वेळ नाही राहिला आत्या. मी पाकीट घेते. एवढी शिक्षा मला व्हायलाच पाहिजे."

"शिक्षा सरकार दील. मत कशापाय बुडवतीस? काढ चपला."

"तुम्ही बसा, तुमचे पाय बघा आधी."

"माझं मत झालंय. आता पायांस्नी काय काम हाय?"

आम्ही दोघी निघालो. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मी कडेच्या मातीवरून चालायला लागले की ओढून मधे आणायच्या, "हितनं. कडंनं चालून काय हुनार न्हाई." खडी तळव्यात शिरत होती आणि मी लहान पोरीसारखी हुंदके देत होते. ते दुखण्याचे होते की दिवसभराचे, मला सांगता येणार नाही. देवळापर्यंत जायला वेळ नव्हता. निम्म्यातून वळलो, पुन्हा निम्मा रस्ता, पुन्हा मागे. पाच अठ्ठावीसला मी केंद्राच्या दारात होते, टाच टेकवत नव्हती.

मी पट्टीवरून चालले आणि शेवटाला थांबले. दिवा लागायला तीन सेकंद लागतात. खोलीत इंगळेसर, विलासभाऊजी, सगळे माना वर करून बघत होते.

दिवा लागायच्या आधीच दारातून आत्यांचा आवाज आला, खणखणीत.

"दिव्याचं काय हुयाचं ते हू द्या. ही माझी सून हाय, वर्षाराणी."

मग दिवा हिरवा झाला.